मासळीच्या गावातले पाहुणे

पाहुणा आणि मासळी, दोन्ही तिसऱ्या दिवशी वास मारू लागतात, अशी एक म्हण स्पेनमध्ये आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याबद्दल आपल्याकडेही फारसे चांगले बोलले जात नाही. पण स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर एक गाव असे आहे, की ज्याचे पोट आधी मासळीवर भरले आणि नंतर पाहुण्यांवर. इथला पाहुणा तीन दिवसांत उठत नाही. तो सात दिवस राहतो, चौदा दिवस राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच हॉटेलात, जमल्यास त्याच मजल्यावरची खोली मागतो. या गावाचे नाव बेनिडॉर्म.

आलिकांते प्रांताच्या या किनाऱ्याला 'कोस्ता ब्लांका' म्हणजे 'पांढरा किनारा' असे म्हणतात. आलिकांतेच्या विमानतळावरून मोटारीने उत्तरेकडे निघाले, की सुमारे तासाभराचा रस्ता. उजव्या हाताला भूमध्य समुद्र आणि डाव्या हाताला उघडेबोडके, तांबूस डोंगर. पायथ्याशी बदामाची आणि ऑलिव्हची झाडे. एवढ्यात एका वळणावर समोर उंचच उंच इमारतींची रांग उभी राहते. मुंबईच्या माणसाला क्षणभर कफ परेड आठवावी, असे ते दृश्य असते. 'युरोपातले टुमदार खेडे' डोळ्यांसमोर ठेवून आलेल्यांचा इथे थोडा हिरमोड होतो. पण सामान खोलीत टाकून गॅलरीत आले, की समोर पसरलेला निळा चंद्राकार किनारा पाहून तो हिरमोड बहुधा टिकत नाही.

किनारे दोन. उगवतीचा तो लेवांते, सुमारे दोन किलोमीटर लांब. मावळतीचा तो पोनिएंते, सुमारे तीन किलोमीटर. दोन्हींच्या मध्ये समुद्रात घुसलेला एक खडक आहे आणि त्या खडकावर जुने गाव. पूर्वी तिथे समुद्री चाच्यांपासून रक्षण करणारा किल्ला होता. आज तिथे पांढऱ्या कठड्यांचा सज्जा आहे. संध्याकाळी त्या सज्ज्यावर उभे राहायला जागा मिळत नाही.

समोर समुद्रात त्रिकोणी आकाराचे एक छोटे बेट दिसते आणि मागे चौदाशे मीटरहून अधिक उंचीचा पुइग काम्पाना डोंगर. या डोंगराच्या माथ्यावर कुणी कुऱ्हाडीने चौकोनी तुकडा काढावा तशी खाच आहे. गावातले लोक तिची गोष्ट सांगतात. रोल्दान नावाच्या एका राक्षसी ताकदीच्या वीराची प्रिया मरणाला टेकली होती. सूर्याचा शेवटचा किरण गेला, की तिचा प्राण जाणार होता. सूर्य डोंगराआड जाऊ लागला तेव्हा रोल्दानने डोंगराचा तुकडा उडवला. खाचेतून आणखी थोडा वेळ ऊन आले आणि तेवढेच तिचे आयुष्य वाढले. समुद्रात पडलेला तो तुकडा म्हणजे समोरचे बेट.

चार घटका जास्त ऊन मिळावे म्हणून डोंगर फोडणाऱ्याची ही कथा आहे. आणि आज या गावी लाखो माणसे येतात तीही चार दिवस जास्त ऊन मिळावे म्हणूनच.

रईसांचे गाव

'बेनी' हा अरबी शब्द. त्याचा अर्थ वंशज, मुलेबाळे. स्पेनच्या या भागात अरबी राजवट काही शतके होती. तिच्या खुणा गावांच्या नावांत अजून शिल्लक आहेत. ख्रिस्ती सत्तेखाली बेनिडॉर्मला वसाहतीची सनद मिळाली ती १३२५ मध्ये.

गावची जमीन कोरडी. पाणी तुटपुंजे. त्यामुळे पुरुषांनी समुद्र धरला. ट्यूना हा मोठा मासा पकडण्यासाठी समुद्रात जाळ्यांचा चक्रव्यूह उभारतात, त्याला 'अल्माद्राबा' म्हणतात. या कामात बेनिडॉर्मचे लोक इतके वाकबगार, की स्पेनच्या इतर किनाऱ्यांवरील जाळ्यांवरही म्होरक्या म्हणून त्यांनाच बोलावणे येई. या म्होरक्याला 'अर्राएस' म्हणतात. आपल्या परिचयाचा 'रईस' तो हाच, अरबीतून तिकडे गेलेला. हंगामात गावातले धडधाकट पुरुष समुद्रावर असत आणि घर, शेत, म्हातारी माणसे सारे बायका सांभाळत. आपल्या कोकणातील कित्येक गावांनी अनुभवलेली हीच स्थिती.

विसाव्या शतकाच्या मध्यास मासळी रोडावली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस बेनिडॉर्मची स्वतःची अल्माद्राबा बंद पडली. गाव तेव्हा काही हजार वस्तीचे. करायचे काय, हा प्रश्न घरोघर होता.

महापौरांची स्कूटर

त्याच सुमारास पेद्रो सारागोसा नावाचा एक तरुण गावचा महापौर झाला. तिशीही न गाठलेल्या या माणसाच्या मनात एकच गोष्ट होती. समुद्र आपल्याला मासे देत नसेल, तर तो माणसे देईल. उत्तर युरोपात वर्षातले सहा महिने ऊन दिसत नाही आणि आपल्याकडे ते वर्षभर फुकट पडते. तेव्हा विकायचे ते ऊनच.

अडचण वेगळीच आली. परदेशी बायका 'बिकिनी' घालून वाळूवर येऊ लागल्या. स्पेनमध्ये तेव्हा हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती आणि चर्चचा शब्द अखेरचा होता. अशा कपड्यांवर बंदी होती. सारागोसांनी आपल्या गावापुरती परवानगी देऊन टाकली. चर्चने बहिष्काराची धमकी दिली. तेव्हा महापौर आपल्या व्हेस्पा स्कूटरवर बसले आणि साडेचारशे किलोमीटर दूर माद्रिदला थेट फ्रँकोच्या भेटीस गेले, असे सांगतात. तेलाचे डाग पडलेल्या पँटीनिशी समोर उभ्या राहिलेल्या या तरुण महापौराचे त्या कर्मठ हुकूमशहाला कौतुक वाटले आणि बिकिनी वाचली! या गोष्टीत कालांतराने थोडे तिखटमीठ पडले असेल. पण स्वतः सारागोसा ती २००८ मध्ये निधन पावेपर्यंत रंगवून सांगत आणि बेनिडॉर्मचा तर तो स्थापनेचा इतिहासच बनून गेला.

१९५६ मध्ये गावाने नगररचनेचा आराखडा केला. आधी रुंद रस्ते आणि बागा आखल्या गेल्या. पुढे इमारतींच्या उंचीवरची मर्यादा उठली. मात्र अट राहिली ती अशी, की इमारत सडपातळ असावी आणि तिच्याभोवती मोकळी जागा, बाग, पोहण्याचा तलाव असावा. त्यामुळे बेनिडॉर्मच्या इमारती एकमेकींना चिकटून भिंत करत नाहीत. दोन इमारतींच्या फटीतून मागच्या इमारतीलाही समुद्र दिसतो आणि वाराही लागतो. पाहुण्याला मोटार लागत नाही. खोलीतून उतरला, की चालत पाण्यात. २००२ मध्ये सुरू झालेले इथले ग्रान होटेल बाली तर १८६ मीटर उंच आहे. कोणे एके काळी जाळी वाळत घातलेल्या या गावात आज सुमारे सत्तर हजार वस्ती आहे आणि हंगामात ती कितीतरी पट फुगते.

या गर्दीला आणखी एका कल्पनेचे पाठबळ मिळाले. १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ या लंडनच्या माणसाने विमान, मुक्काम आणि जेवण यांचे मिळून साडेबत्तीस पौंड असे एकच मोल ठरवून लोकांना कॉर्सिका बेटावर नेले. राहायला तंबू होते! 'पॅकेज टूर' म्हणून आज आपण जे ओळखतो, त्याची ही सुरुवात. १९६७ मध्ये आलिकांतेला नवा विमानतळ झाला आणि मँचेस्टर-लिव्हरपूलच्या कारखान्यांतला कामगार बायकामुलांसह आयुष्यात पहिल्यांदा परदेशी सुट्टीवर निघाला. तो उतरला बेनिडॉर्मला. बड्या लोकांनी या गावाला नाके मुरडली ती यामुळेच. पण उन्हात पडून राहण्याची चैन तोवर श्रीमंतांपुरती होती, ती गिरणी कामगाराच्या आवाक्यात आणली ती या गावाने, हे विसरून चालणार नाही.

पाहुण्याचा दिवस

इथल्या हॉटेलातला दिवस कसा असतो? पाहुणा येतो तेव्हा स्वागतकक्षात पासपोर्टची नोंद होते. स्पेनमध्ये ती कायद्याने सक्तीची आहे. खाणेपिणे सगळे भाड्यात धरलेले असेल, तर मनगटाला प्लॅस्टिकची पट्टी बांधली जाते. ती पट्टी निघेपर्यंत काढायची नाही. आंघोळीत, समुद्रात, झोपेत ती हातावरच. लहान मुलांना तिची मोठी मौज वाटते, आजोबांना मात्र इस्पितळात भरती झाल्यासारखे वाटते.

खोली बहुधा लहान, पण स्वच्छ. गॅलरी मात्र हवीच. समुद्रासमोरच्या खोलीला जास्त पैसे पडतात आणि 'बाजूने समुद्र दिसतो' अशी जी खोली असते, तिच्यात समुद्र पाहायला मान जरा वाकडी करावी लागते, हा अनेकांचा अनुभव.

सकाळी न्याहारीच्या वेळी लिफ्टसमोर रांग लागते. बारा-पंधरा मजल्यांच्या जुन्या हॉटेलात लिफ्ट छोट्या आणि सगळी माणसे एकाच वेळी खाली निघालेली. अनुभवी पाहुणा एक तर लवकर उतरतो किंवा उतरताना जिना धरतो.

पण खरी चढाओढ असते ती तलावाकाठच्या आरामखुर्च्यांसाठी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मराठी माणसाला हा प्रकार अजिबात नवा वाटणार नाही. पहाटे कुणीतरी हळूच खाली येतो, चार खुर्च्यांवर चार टॉवेल पसरतो आणि परत जाऊन झोपतो! नऊ वाजता येणारे कुटुंब टॉवेलांच्या रांगेकडे पाहत उभे राहते. काही हॉटेलांनी 'अर्ध्या तासाहून अधिक वेळ रिकामी खुर्ची दिसल्यास टॉवेल उचलला जाईल' अशा धर्तीच्या पाट्या लावून पाहिल्या. वाळूवरही तेच. घडीच्या खुर्च्या आणि छत्र्या पहिल्या रांगेत रोवून लोक निघून जातात. किनाऱ्यावरच्या कित्येक नगरपालिकांनी आता असे बेवारस सामान उचलून नेऊन दंड वसूल करायला सुरुवात केली आहे.

कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला इथे एक गोष्ट चटकन जाणवते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. सकाळी पाणी जिथे असते तिथेच संध्याकाळी. त्यामुळे वाळू सदा कोरडी, आणि रात्री यंत्रे फिरवून ती साफ केली जाते. मात्र समुद्र शांत दिसला म्हणून बेफिकीर राहू नये. हिरवा झेंडा असेल तर पोहावे, पिवळा असेल तर जपून आणि लाल असेल तर पाण्यात उतरू नये, हा नियम कडकपणे पाळला जातो. मध्यरात्रीनंतर समुद्रात पोहण्यास बेनिडॉर्ममध्ये मनाई आहे.

दुपारी दोननंतर गाव सुस्तावते. स्पॅनिश माणसाचे मुख्य जेवण ते हेच. आणि रात्रीचे जेवण नऊ-दहाच्या आधी नाही. परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेले ते सातच्या सुमारास सुरू करतात. रात्री लेवांतेच्या मागच्या गल्ल्यांत इंग्रजी गाणी, दिवे आणि आरडाओरडा असतो. शांतता हवी असणाऱ्यांनी पोनिएंतेच्या बाजूस उतरावे, असे जाणकार सांगतात. स्पॅनिश कुटुंबेही तेच करतात. तिकडचा २००९ साली पुरा झालेला लाटांसारखा वळणावळणांचा रंगीत फिरण्याचा रस्ता संध्याकाळच्या पायपिटीसाठी फार सुरेख आहे.

ताटात काय?

मराठी कुटुंबाची पहिली चौकशी जेवणाची. हॉटेलच्या जेवणघरात पदार्थ मांडून ठेवलेले असतात, हवे ते आपल्या हाताने वाढून घ्यायचे. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला विचारपूस करावी लागते. टोमॅटो, काकडी, लसूण, पाव आणि व्हिनेगर वाटून केलेले थंडगार 'गास्पाचो' हे सार उन्हाळ्यात अमृतासारखे लागते. 'तोर्तिया' म्हणजे बटाटे-कांदा घातलेले जाड ऑम्लेट, तेव्हा अंडे चालणाऱ्यांनाच ते चालेल.

'पाएया' हा भात तर याच वालेन्सिया प्रदेशाचा. केशराचा रंग, पसरट उथळ कढई, आणि तळाशी धरलेली खरपूस खरवड. आपल्याकडे खरवडीवरून मुलांची भांडणे होतात, तशी तिकडेही होतात. तिला तिकडे 'सोकार्रात' असे स्वतंत्र नाव आहे. मात्र भाज्यांचा पाएयादेखील कधी कधी मासळीच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. आणि स्पॅनिश माणूस तो दुपारी खातो, रात्री नाही. रात्री भात जड पडतो, हे त्याचेही मत.

जवळच्या हिहोना गावचे 'तुर्रोन' ही मधात घोटलेल्या बदामांची मिठाई. कडक प्रकार आपल्या चिक्कीचा भाऊ आणि मऊ प्रकार तेलकट, तोंडात विरघळणारा. नाताळात ती घरोघरी असते. 'ओर्चाता' हे दुधासारखे पांढरे पेय आपल्या नागरमोथ्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या गोडसर कंदांपासून करतात. दुधाचा त्यात थेंब नसतो.

नवख्यांच्या तक्रारीचे एक कारण पाण्याचे. 'अर्धे जेवण' म्हणजे न्याहारी आणि एक जेवण भाड्यात धरलेले असले, तरी जेवताना घेतलेले पाण्याचे बाटलीबंद मोल वेगळे लागते. आपल्याकडे बसल्या बसल्या पाण्याचा पेला समोर येतो, त्यामुळे हे खटकते. २०२२ च्या कायद्याने तिथल्या उपाहारगृहांनी ग्राहकाला नळाचे पाणी विनामूल्य द्यायला हवे, तेव्हा ते मागायला संकोच करू नये.

हिवाळ्यातले आजी-आजोबा

ऑक्टोबर सरला, की इतर किनारी गावांची हॉटेले दारे लावून घेतात. बेनिडॉर्मची बहुतेक हॉटेले मात्र उघडी असतात. त्याचे श्रेय एका सरकारी योजनेला आहे. १९८५ मध्ये स्पेन सरकारने निवृत्त लोकांसाठी हिवाळी सहलींची योजना सुरू केली. ज्येष्ठ नागरिकांना स्वस्तात सहल मिळाली, हॉटेलांच्या रिकाम्या खोल्या भरल्या आणि नोकरांना हंगाम संपताच घरी बसावे लागेना. एका दगडात तीन पक्षी.

जानेवारीत लेवांतेवर फिरायला जावे. थंडीही अशी, की आपल्या पुण्याच्या डिसेंबरची आठवण व्हावी. गळ्याला मफलर गुंडाळलेले आजोबा कठड्यावर ऊन खात बसलेले असतात. गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीवरून तुरुतुरु जाताना दिसतात. संध्याकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात जुनी गाणी लागतात आणि पासष्टीतली जोडपी नाचतात. १९५९ मध्ये इथे गीतमहोत्सव सुरू झाला होता आणि १९६८ मध्ये त्यात पहिला आलेला हुलिओ इग्लेसिआस हा अनोळखी तरुण पुढे जगभर गाजला. त्या काळी तरुण असलेली माणसे आज त्याच गाण्यांवर पाय हलवतात.

अपंग पाहुण्यांसाठी किनाऱ्यावर लाकडी वाटा आणि पाण्यात तरंगणाऱ्या खुर्च्या आहेत. मदतनीस खुर्ची धरून पाण्यात नेतात. कित्येक वर्षांनी समुद्राचे पाणी अंगाला लागलेला एखादा वृद्ध पाहिला, म्हणजे या गजबजलेल्या गावाबद्दलचे मत बदलते.

खोली कोण आवरते?

पाहुणा समुद्रावरून परत येतो तेव्हा अंथरूण ताणून बसवलेले असते, न्हाणीघर चकचकीत असते. हे करणारी बाई मात्र त्याला क्वचितच दिसते. स्पेनमधल्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या या स्त्रियांनी आपली संघटना उभारली आहे, 'लास केलीस'. 'ज्या साफ करतात त्या' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून हे नाव त्यांनीच गमतीने घेतले. बेनिडॉर्ममध्येही त्या संघटित आहेत.

२०१२ च्या कामगार कायद्यातील बदलानंतर अनेक हॉटेलांनी हे काम बाहेरच्या कंत्राटदारांकडे दिले. पगार उतरला आणि एका पाळीत आवरायच्या खोल्यांची संख्या वाढली. गाद्या उचलून उचलून कंबर जाते, हात आखडतात आणि वेदनाशामक गोळी घेतल्याशिवाय पाळी सुरू होत नाही, असे या बायका जाहीरपणे सांगू लागल्या, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले. २०२१ अखेरच्या सुधारणेने कंत्राटी कामगारालाही त्या त्या कामाच्या क्षेत्रात ठरलेला पगार देणे भाग पडले. बालेआर बेटांनी तर २०२२ मध्ये हॉटेलांतील पलंग यंत्राने वर उचलता येतील असे करण्याचा कायदाच केला.

ज्या घरातली गृहिणी स्वतः रोज अंथरुणे घालते आणि काढते, तिला या कायद्याचे मोल समजावून सांगायला नको. निघताना खोली उकिरड्यासारखी न ठेवणे आणि जाताना 'ग्रासियास' म्हणणे, एवढे तरी पाहुण्याच्या हाती असतेच.

खोटी पोटदुखी

यजमानाने वाईट वागवल्याच्या कथा पुष्कळ. पण काही वर्षांपूर्वी स्पेनच्या हॉटेलवाल्यांना उलटा अनुभव आला. सुट्टी संपवून ब्रिटनला परतलेले पाहुणे 'हॉटेलच्या जेवणाने आमचे पोट बिघडले' म्हणून भरपाई मागू लागले. २०१६-१७ मध्ये अशा दाव्यांचा पूर आला. हॉटेलच्या दाराबाहेर दलाल उभे राहून पाहुण्यांना दावा करण्यास फूस लावत. कारण न्यायालयात लढण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे होणे स्वस्त पडे आणि तो भुर्दंड अखेर हॉटेलवर बसे.

पण हे पाहुणे एक गोष्ट विसरले. आजारी म्हणवणाऱ्यांनी त्याच दिवसांत हसतखेळत काढलेली छायाचित्रे इंटरनेटवर स्वतःच टाकली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये मायोर्का बेटावरील सुट्ट्यांबाबत खोटा दावा करणाऱ्या एका जोडप्याला लिव्हरपूलच्या न्यायालयाने तुरुंगात धाडले. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने वकिलांच्या खर्चावर मर्यादा घातली आणि ही साथ ओसरली. नुकसान मात्र खऱ्या आजाऱ्याचे झाले. त्याच्या तक्रारीकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

पुढचा धक्का २३ सप्टेंबर २०१९ ला बसला. १७८ वर्षांची थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी रातोरात बुडाली. ज्यांनी कंपनीला पैसे भरले होते ते पाहुणे हॉटेलांत अडकले आणि ज्यांना कंपनीकडून पैसे यायचे होते ते हॉटेलवाले हात चोळत राहिले. ब्रिटिश सरकारने विमाने भाड्याने घेऊन सुमारे दीड लाख लोकांना देशोदेशींहून परत आणले. गोव्यालाही याची झळ पोचली, कारण ब्रिटनहून तिथे थेट येणारी या कंपनीची विमाने थांबली. भारतातील त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्यामुळे ती बचावली.

आणि मग करोना. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस स्पेनच्याच तेनेरिफे बेटावरील एका किनारी हॉटेलात एक इटालियन डॉक्टर बाधित आढळला. पहाटे पाहुण्यांच्या दाराखालून चिठ्ठ्या सरकवल्या गेल्या. पुढली सूचना मिळेपर्यंत खोलीतून बाहेर पडू नये! सातशेहून अधिक माणसे आत होती. ज्या गॅलरीतल्या समुद्रासाठी जास्त पैसे मोजले होते, त्याच गॅलरीत बसून समोरच्या समुद्राकडे नुसते पाहत राहायचे. काही दिवसांनी तोंडाला मास्क लावून हॉटेलच्या आवारात फिरण्याची मुभा मिळाली. चौदा दिवसांनी, १० मार्चला, उरलेल्यांची सुटका झाली. तोवर जे आत होते त्यांना जेवण पोचवणारे, तापमापक वाटणारे आणि धीर देणारे हॉटेलचे नोकरही त्याच भिंतींआड होते. त्याच महिन्यात देशातली सारी हॉटेले बंद करण्याचा आदेश निघाला. हिवाळ्यातही न मिटणारे बेनिडॉर्म मिटले. जूनमध्ये किनारा उघडला तेव्हा वाळूवर दोऱ्या बांधून चौकोन आखले होते. एक कुटुंब, एक चौकोन, तोही आधी नोंदवलेला.

पाण्याचा सौदा

इतकी माणसे, इतके तलाव, इतकी न्हाणीघरे, मग पाणी येते कोठून? १९७८ च्या दुष्काळात ते जहाजांतून आणावे लागले होते. समोर समुद्र आणि नळाला थेंब नाही, अशी गत. त्या सुमारास आसपासच्या गावांनी पाण्यासाठी एक मंडळ स्थापले आणि शेतकऱ्यांशी एक सौदा केला. शेतकऱ्यांनी धरणाचे गोडे पाणी गावांना पिण्यासाठी सोडायचे आणि हॉटेलांतून वाहून आलेले सांडपाणी शुद्ध करून त्याच्या बदल्यात शेतीला घ्यायचे. पाहुण्याने आंघोळीला वापरलेले पाणी असे फिरून बागांना जाते. धरण जवळ असूनही टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांनी लक्षात घ्यावी, अशी ही व्यवस्था.

तरीही पाऊस वर्षानुवर्षे बेभरवशाचा होत चालला आहे. पाहुणे किती असावेत, हा वाद आता स्पेनभर पेटला आहे. २०२४ मध्ये कानारी बेटांवर आणि बार्सिलोनात लोक पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरले. घरे पाहुण्यांना भाड्याने जातात आणि गावच्या माणसाला परवडत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. बेनिडॉर्मची बाजू मांडणारे म्हणतात, की आमच्याकडे पाहुणा हॉटेलात राहतो, मोटार न वापरता पायी फिरतो आणि थोड्या जागेत मावतो. पसरट बंगल्यांनी डोंगर खाण्यापेक्षा हे बरे. टीकाकारांना हे पटत नाही. पण नाक मुरडून ज्याला वर्षानुवर्षे नाव ठेवले, त्या गावाकडे नगररचनाकार आज अभ्यासासाठी येतात, हेही खरे.

स्पॅनिश भाषेत पाहुण्याला 'उएस्पेद' म्हणतात. जुन्या स्पॅनिशमध्ये हाच शब्द यजमानासाठीही वापरला जाई. दोघांना एकच नाव. कंत्राट, मनगटपट्टी आणि पोटदुखीचे दावे यांच्या धबडग्यात तो जुना अर्थ हरवल्यासारखा वाटतो खरा. पण हंगाम संपताना एखादे कुटुंब हिशेब चुकता करून सामान बाहेर ठेवते आणि 'पुढच्या जुलैत, सातवा मजला, समुद्राकडची' असे सांगते. स्वागतकक्षातला माणूस मान डोलावतो आणि लिहून घेतो. त्याचे आजोबा कदाचित जाळ्यांवर रईस होते.

जाणाऱ्यांसाठी

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. मुक्काम १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

आलिकांतेहून बेनिडॉर्मला बस तसेच किनाऱ्याने जाणारी छोटी रेल्वे आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडे दोन्ही चढे. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे.

खोली घेताना न्याहारी, अर्धे जेवण, पूर्ण जेवण की सर्वसमावेशक, हे विचारून घ्यावे. पेयांचे पैसे वेगळे का, तेही.

तक्रार असल्यास 'ओहा दे रेक्लामासिओनेस' म्हणजे तक्रारपत्रक मागावे. ते ठेवणे हॉटेलांना बंधनकारक आहे.

जवळपास : निळ्या घुमटाच्या चर्चचे आल्तेआ, रंगीत घरांचे आणि चॉकलेटचे विल्याहोयोसा, कड्यावरचे ग्वादालेस्त आणि जागतिक वारसा यादीतली एल्चेची खजूरबाग.